तेवीस माणसं, सव्वीस सिमकार्डं

घाटकोपरच्या एका व्यावसायिकाचं पत्र आहे. वॉटर प्युरिफायर आणि एसी दुरुस्तीचा व्यवसाय वडिलांनी सुरू केला. आता पत्रलेखक स्वतः पाहतात, त्यांची पत्नी हिशोब सांभाळते. १४ टेक्निशियन, २ सुपरवायझर आणि ऑफिसात ४ जण. सगळ्यांना कंपनीचं पोस्टपेड सिम दिलेलं आहे, घरच्या तिघांचे नंबरही त्यातच. बिलावर एकूण २६ नंबर, प्रत्येकाला महिना ५४९ रुपयांचा प्लॅन. गेल्या महिन्याचं बिल २१,४०० रुपये आलं, त्याआधीचंही वीस हजारांच्या वर होतं. पत्रलेखकाची खात्री आहे, की पोरं दिवसभर रील्स बघतात म्हणून बिल फुगलं. दोन महिने दुबईला बहिणीकडे राहून परतलेले वडीलही बिल बघून संतापले. आता तीन पर्याय समोर आहेत. एक, सगळी सिमं बंद करून प्रत्येकाला महिना ३०० रुपये भत्ता द्यायचा. दोन, एका मित्राच्या सल्ल्याने पोस्टपेड सोडून स्वतःच्या नावावर प्रीपेड सिमं घ्यायची. तीन, सगळ्यांच्या फोनवर लक्ष ठेवणारं अ‍ॅप टाकायचं. ‘यातलं काय करू?’ असं ते विचारतात.

तुमच्या तीन पर्यायांकडे येतोच, पण आधी एक गुणाकार करू. ५४९ गुणिले २६ म्हणजे १४,२७४. त्यावर १८ टक्के जीएसटी २,५६९. एकूण १६,८४३ रुपये. महिनाभर एकानेही फोनला हात लावला नाही तरी एवढं बिल येणारच. गेल्या महिन्यात त्याच्या वर ४,५५७ रुपये आले, कर वजा केला तर साधारण ३,८६०. म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळे खर्च आहेत. एक दरमहा ठरलेला, मोठा आणि कुणाच्या डोळ्यांवर न येणारा. दुसरा अधूनमधून उगवणारा, लहान, पण रागावायला लावणारा. तुम्ही सगळा राग दुसऱ्यावर काढताय आणि त्यातही गुन्हेगार आधीच ठरवून मोकळे झालाय.

रील्सने बिल वाढतं का? तुमच्यासारख्या प्लॅनमध्ये सहसा नाही. महिन्याचा डेटा ठरलेला असतो. तो संपला की बहुतेक प्लॅनमध्ये वेग इतका मंदावतो, की रील सोडा, फोटोसुद्धा उघडत नाही. काही जुन्या प्लॅनमध्ये मात्र कोटा संपल्यावर एमबीमागे पैसे लागतात, तर काही खात्यांवर जादा डेटाचा पॅक आपोआप चढतो. तुमचा प्लॅन यांतला कुठला, हे फोन कंपनीच्या माणसाला तोंडी विचारू नका. प्लॅनच्या अटी लेखी मागवा. कॉलचं तर विचारायलाच नको. इनकमिंगला पैसे पडायचे आणि माणसं मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवायची, ते दिवस गेले. तेव्हा स्टाफने आपसात फुकट बोलावं म्हणून सीयूजी, म्हणजे आपल्याच नंबरांचा बंद गट, घेणं शहाणपणाचं होतं. आज देशांतर्गत बोलणं जवळपास प्रत्येक प्लॅनमध्ये अमर्याद आहे. ‘किती वेळ बोलतात’ यावर लक्ष ठेवून एक रुपयाही वाचत नाही.

मग ते ३,८६० कुठून आले? बिलाचं पहिलं पान बाजूला ठेवा आणि नंबरवार तपशील काढा. कॉर्पोरेट खात्याच्या पोर्टलवरून तो एक्सेलमध्ये उतरवून घेता येतो. वहिनींकडे हिशोब आहे, त्यांना हे तासाभराचं काम आहे. तीन महिन्यांची बिलं घ्या. प्रत्येक नंबरसमोर पाच रकाने करा: वापरणारा माणूस, रेंटल (म्हणजे प्लॅनचे ठरलेले पैसे), रेंटलव्यतिरिक्त आकार, वापरलेला डेटा आणि शेरा. मग तिसऱ्या रकान्यावर मोठ्यापासून लहानाकडे क्रम लावा. वरच्या चार-पाच ओळींतच उत्तर सापडेल.

त्या ओळींत सहसा काय निघतं? आंतरराष्ट्रीय रोमिंग. परदेशी लावलेले कॉल. कधीतरी चुकून सुरू झालेली कॉलर ट्यून किंवा तसली एखादी सेवा, जी १५५२२३ या टोल-फ्री नंबरवरून बंद करता येते. उशिरा भरल्याचा दंड. कधी आकार वाढलेला नसतो, सवलत संपलेली असते. कनेक्शन घेताना ‘पहिलं वर्ष अमुक टक्के सूट’ दिलेली असते आणि वर्ष उलटल्यावर कुणी सांगायला येत नाही. नवीन जोडणीचं पहिलं बिलही मोठं दिसतं, कारण त्यात अर्ध्यामुर्ध्या महिन्याचं आणि पुढच्या महिन्याचं आगाऊ रेंटल एकत्र लागतं. ती वाढ नव्हे.

आणि हो, तुमचे वडील दोन महिने दुबईला होते. बिलही दोनच महिने फुगलेलं आहे. मी निकाल देत नाही, पण क्रम लावताना त्यांच्या नंबराकडे आधी बघा. रोमिंग पॅक न घेता डेटा सुरू राहिला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप उतरणारे ‘शुभ सकाळ’चे फोटोसुद्धा पैसे खातात. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं चौदा पोरांच्या बाबतीत व्हायला नको.

आता मोठ्या खर्चाकडे वळू.

तुम्ही दिलेली माणसं मोजली. १४, २ आणि ४ मिळून २० होतात. तुम्ही, वहिनी आणि वडील धरून २३. बिलावर नंबर मात्र २६. मग हे तीन कुणाचे? पाच-सात वर्षं जुन्या प्रत्येक खात्यावर असे बेवारशी नंबर असतात. सोडून गेलेल्या टेक्निशियनचं सिम ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं, एखादं हंगामी माणसासाठी घेतलेलं असतं. या तिघांचं रेंटल महिना १,६४७ रुपये, वर्षाचे १९,७६४, वर कर. ज्या दोन महिन्यांच्या वाढीवरून पोरं बोलणी खातायत, तिच्यापेक्षा हा वर्षाचा आकडा मोठा आहे.

पण लगेच बंद करायला जाऊ नका. आधी तिन्ही नंबरांवर फोन लावा. वाजला पण कुणी उचलला नाही, तर ते सिम एखाद्या यंत्रात बसलेलं असू शकतं. टेम्पोच्या जीपीएसमध्ये, कार्ड स्वाइप करायच्या मशीनमध्ये, गोडाऊनच्या सीसीटीव्हीला नेट देणाऱ्या डोंगलमध्ये. बिलात त्या नंबराचा डेटा दर महिन्याला साधारण सारखा दिसला, तर तो माणूस नव्हे, यंत्र आहे असं समजा. त्याला ५४९ चा प्लॅन कशाला? कमी डेटाचा स्वस्त प्लॅन मागा.

नंबर खरोखर रिकामा असेल, तरीही बंद करण्याआधी तो कुठे नोंदवलेला आहे ते तपासा. बँक खातं, जीएसटी पोर्टल, प्राप्तिकर, उद्यम नोंदणी, पीएफ, फास्टॅग, गूगलवरचं तुमच्या दुकानाचं पान, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, जुन्या प्युरिफायरांवर चिकटवलेले स्टिकर. बंद केलेला नंबर ठरावीक काळाने दुसऱ्या कुणालातरी दिला जातो. तुमच्या बँकेचा ओटीपी एखाद्या परक्या माणसाच्या फोनवर जाणं ही १,६४७ रुपयांपेक्षा फार महाग गोष्ट आहे. सगळीकडे नंबर बदला, महिनाभर थांबा, त्यावर कुठलाच एसएमएस येत नाही याची खात्री करा आणि मगच बंद करायचा लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच आणि शेवटचं बिल जपून ठेवा. अनामत भरलेली असेल तर ती परत मागा. न मागितलेली अनामत कागदावर पडून राहते.

यानंतर प्लॅन. २६ नंबरांना एकच प्लॅन देणं सोयीचं असतं, पण काटकसरीचं नसतं. टेक्निशियनला कामासाठी किती डेटा लागतो? दिवसाला आठ कॉल, म्हणजे ग्राहकांकडच्या आठ भेटी, दर भेटीला पाच-सहा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, मॅप, यूपीआय, एखाददुसरा छोटा व्हिडिओ. सढळ हाताने धरलं तरी दिवसाला १०० एमबी. महिन्याच्या २६ कामाच्या दिवसांचे अडीच-तीन जीबी. ५४९ च्या प्लॅनमध्ये याच्या कितीतरी पट डेटा असतो आणि बऱ्याचदा चित्रपट-मालिकांच्या अ‍ॅपची वर्गणीही जोडलेली असते. त्याचे पैसे तुम्हीच भरताय.

तुमच्या तक्त्यातला डेटाचा रकाना बघून प्रत्येकासाठी तीन महिन्यांतला सर्वांत जास्त वापर घ्या, सरासरी नको. त्यावर पाचवा हिस्सा वाढवा आणि त्याच्या वरचा सर्वांत जवळचा प्लॅन निवडा. वापर मोठा पण काम छोटं, असं दिसलं, तर तो मनोरंजनाचा डेटा आहे. तो द्यायचा की नाही हा तुमचा निर्णय. पण हात फार आखडू नका, हे माझं स्पष्ट मत. २२ तारखेला डेटा संपला आणि ग्राहकाच्या दारात पैसे जमा झाल्याचा मेसेज उघडेना, तर अर्धा तास तिथेच जातो आणि पुढचा कॉल चुकतो. शंभर रुपये वाचवून पाचशेची भेट घालवण्यात काय हशील? रेंटल १०० रुपयांनी कमी असलेला, पण १०-१५ जीबी हाती ठेवणारा प्लॅन १४ टेक्निशियनना दिला, तरी महिना १,४०० वाचतात. तीन रिकाम्या नंबरांचे धरून ३,०४७. वर्षाचे ३६,५६४.

एक गोष्ट पत्रात कुठेच नाही, म्हणून विचारतो. या बिलावर तुमच्या व्यवसायाचा जीएसटी क्रमांक छापलेला आहे का?

बऱ्याच लहान व्यवसायांत कनेक्शन घेताना तो दिलेलाच नसतो. बिल दरमहा भरलं जातं, खर्चात टाकलं जातं आणि १८ टक्के कर तसाच सोडून दिला जातो. तुमची नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल, म्हणजे कंपोझिशनमध्ये (लहान व्यवसायांच्या ठोक दराच्या योजनेत) नसेल, तर व्यवसायासाठी वापरलेल्या फोनसेवेवरच्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कर तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा होतो. तुमच्या ठरलेल्या बिलावर महिना २,५६९, वर्षाला जवळपास ३०,८००. रिकामे नंबर काढून आणि प्लॅन बदलून वाचेल जवळपास तेवढीच ही रक्कम, आणि तीही कुणाचा डेटा न कापता. जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या क्रेडिटच्या यादीत, फोन कंपनीची नोंद दिसते का, ते सीएंना विचारा. दिसत नसेल तर क्रमांक खात्यावर चढवून घ्या. त्याआधीच्या बिलांचं क्रेडिट मिळणं कठीण, म्हणून आजच अर्ज द्या. दिसत असेल आणि घेतलेलं नसेल, तर त्या आर्थिक वर्षाचं क्रेडिट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांत जे आधी येईल तोवर घेता येतं. मात्र घरगुती वापराच्या नंबरांचं क्रेडिट घेता येत नाही. तेवढे वेगळे काढा.

आता तुमचा पहिला पर्याय. २० जणांना ३०० प्रमाणे ६,००० रुपये. सोळा-सतरा हजारांसमोर हा आकडा फार गोड दिसतो. पण त्यासोबत तुम्ही काय देऊन टाकताय ते पाहा. भत्त्यावर कराचं क्रेडिट नाही, कारण बिल तुमच्या नावावर नाही. दरमहा ठरवून दिलेला भत्ता हा कर्मचाऱ्याच्या पगाराचाच भाग धरला जातो. कंपनीने फोनचं बिल भरलं तर ती त्याची करपात्र सवलत ठरत नाही, एवढा फरक आहे. अर्थात हे मुद्दे दुय्यम.

खरा मुद्दा नंबराचा आहे. ग्राहक प्युरिफायरवरचा स्टिकर एकदा बघतो. त्यानंतर तो ज्या टेक्निशियनने फिल्टर बदलला त्याचाच नंबर सेव्ह करतो, ‘अमुक फिल्टरवाला’ म्हणून. तो नंबर माणसाच्या स्वतःच्या नावावर असेल, तर माणूस गेला की ग्राहकही गेला. एएमसीची, म्हणजे वार्षिक देखभाल कराराची, मुदत संपल्याचा फोन त्यालाच जाणार. तुमच्या धंद्यात एक एएमसी ग्राहक वर्षाला किती देतो ते तुम्हाला ठाऊक आहे. असे किती गेले की ३०० रुपयांची बचत संपते, याचं गणित तुम्हीच मांडा. सिम कंपनीचं असेल तर माणूस गेला तरी नंबर, त्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप आणि त्यातली बोलणी तुमच्याकडे राहतात. दुसरी बाजू माणसाचीही आहे. स्वतःचा नंबर दीडशे ग्राहकांकडे गेल्यावर रविवारी सकाळीही तोच वाजतो. आणि अनोळखी घरांत फिरणाऱ्या पोरांचे खासगी नंबर वाटत फिरणं, हे त्यांनाही नको असतं आणि ग्राहकांनाही.

म्हणून सिम कंपनीचं आणि फोन त्याचा, हा मधला मार्ग बहुतेक ठिकाणी चालतो. बहुतेकांच्या फोनात दुसऱ्या सिमची जागा असतेच. वापराबद्दल थोडे पैसे हवे तर द्या. सुपरवायझर आणि ऑफिसातल्यांना मात्र कंपनीचाच फोन बरा. ऑफिसातल्या चौघांना चार नंबर लागतातच का, हेही बघा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या एका नंबरावर मूळ फोनखेरीज चार उपकरणं जोडता येतात. एकच नंबर दोन-तीन कॉम्प्युटरांवर चालवला, की ग्राहकालाही एकच नंबर लक्षात ठेवावा लागतो.

मित्राच्या प्रीपेडच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण जसा दिला तसा तो धोक्याचा आहे. एका व्यक्तीच्या नावावर देशभरात मिळून जास्तीत जास्त ९ सिम घेता येतात. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ही मर्यादा ओलांडल्यास पहिल्यांदा ५० हजारांपर्यंत आणि पुढे २ लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमं आहेत ते आजच बघा. कधीकाळी दिलेल्या आधारच्या झेरॉक्सवर कुणी आणखी एखादं काढलेलं असलं, तर तेही तिथे दिसेल आणि तिथूनच कळवता येईल. मित्रालाही बघायला सांगा. व्यवसायासाठी घ्यायची कनेक्शनं व्यवसायाच्याच नावावर घ्यायची आणि प्रत्येक वापरणाऱ्याचं केवायसी करायचं, हा आताचा नियम आहे. माणूस बदलला की ती नोंदही बदलायची. ऐन मोसमात एखादं सिम पडताळणीत अडकलं, तर तेवढ्या माणसाचा दिवस फुकट जातो.

प्रीपेडचा खरा फायदा म्हणजे बिलाचा धक्का बसत नाही. भरलं तेवढंच जातं. तोटा असा की २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज. दर पाहताना ‘महिन्याला’ म्हणून तुलना कराल तर एका रिचार्जने फसाल. दिवसाचा दर काढा. पॅकची किंमत भागिले दिवस. ३० दिवसांचे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारे पॅकही कंपन्यांना ठेवावे लागतात, पण दुकानदार ते स्वतःहून दाखवत नाही. शिवाय २० माणसांच्या २० तारखा. एखाद्याचा पॅक शनिवारी संपला, सोमवारपर्यंत रिचार्ज मारायचं राहिलं, की मधले ग्राहक ऐकतात ‘सेवा उपलब्ध नाही’. दीडजीबी-दररोज छापाच्या पॅकमध्ये रोजचा उरलेला डेटा सहसा पुढे जात नाही. ज्याचं काम एक दिवस जड आणि तीन दिवस हलकं असतं, त्याला महिन्याचा एकत्रित डेटा जास्त पुरतो.

तुमच्याकडे प्रीपेड शोभेल ते दोन-तीन ठिकाणी. गोडाऊनचा माणूस, रात्रीचा वॉचमन, ज्यांना फक्त फोन घ्यायचा आहे असे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, डिसेंबर २०२४ च्या नियमांनंतर कंपन्यांनी डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आणले, ८४ दिवसांचे आणि जवळपास वर्षभराचेही. असा पॅक आणि बटणाचा साधा फोन. त्याची बॅटरी दोन-तीन दिवस चालते आणि तो कुणी चोरतही नाही.

तिसरा पर्याय, लक्ष ठेवणारं अ‍ॅप. हे करू नका. कुणी किती डेटा वापरला ते बिलाच्या तपशिलात आहेच, त्याला हेरगिरी लागत नाही. कुठला टेक्निशियन कुठल्या कॉलवर आहे हे कळायला हवं असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी जॉब शीटचं अ‍ॅप वापरा, कामाच्या वेळेपुरतं लोकेशन घ्या, आणि ते काय बघतं हे लिहून सही घ्या. फोन त्याच्या मालकीचा असेल तर त्यात तुमचं काही टाकताना हात फार जपून. अँड्रॉइडमध्ये कामाची वेगळी प्रोफाइल करता येते, कामाचे अ‍ॅप त्यात आणि घरचे बाहेर. माणूस सोडून गेला की तेवढी प्रोफाइल पुसायची.

डेटा वाचवायचाच असेल, तर एका शनिवारी सगळ्यांना बसवून तीन गोष्टी करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज आणि डेटा’ सेटिंगमध्ये मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद. गूगल फोटोजचा बॅकअप फक्त वाय-फायवर. आणि सिमच्या सेटिंगमध्ये महिन्याच्या डेटाची मर्यादा, म्हणजे इशारा आधी मिळेल. फुकटचं काम आहे, वीस मिनिटांचं.

फोन कंपनीकडूनही काही गोष्टी मागून घ्या. तुमचं खातं सांभाळणाऱ्या माणसाला ईमेल लिहा, फोन नको. मागण्या अशा: सगळ्या टेक्निशियनच्या नंबरांवर परदेशी कॉल आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग बंद, पैसे लागणाऱ्या सेवा बंद, जादा डेटाचा पॅक फक्त तुमच्या किंवा वहिनींच्या संमतीने, प्रत्येक नंबराला क्रेडिट लिमिट, सगळ्या नंबरांची एकच बिल तारीख. सवलत देणार असतील तर ती रेंटलमध्येच मागा आणि कधी संपणार ती तारीख लेखी घ्या. भेटीचे इअरफोन नकोत. किमान किती महिने बांधून घेतलं आहे, हेही विचारा. ग्राहकांना ऑफर सांगणारे फोन या साध्या दहा आकडी नंबरांवरून सरसकट करू नका. तक्रारी झाल्या तर नंबरच बंद होऊ शकतो.

दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचा, म्हणजे नंबर तेच ठेवून कंपनी बदलायचा, विचार असेल, तर तो शेवटी करा, म्हणजे रिकामे नंबर काढल्यावर आणि प्लॅन नीट केल्यावर. नाहीतर तोच गोंधळ नव्या कंपनीच्या बिलावर जाईल. पोर्ट करायच्या आधी नेटवर्क तपासा, तेही तुमच्या कामाच्या जागी. दुकानात बसून सगळ्यांच्याच पट्ट्या भरलेल्या दिसतात. तुमची माणसं मात्र टॉवरच्या बेसमेंटमधल्या पंपरूममध्ये, चाळीच्या आतल्या खोलीत, भांडुप-कांजूरच्या गाळ्यांत आणि अकराव्या मजल्यावरच्या डक्टमध्ये असतात. समोरच्या कंपनीची दोन सिमं पंधरा दिवसांसाठी घ्या, एक चेंबूर-गोवंडीकडच्या टेक्निशियनला, दुसरं पवईकडच्याला. संध्याकाळी फक्त विचारायचं, कुठे कॉल लागला नाही? ऑफिसमध्ये रेंज कमी असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करा, बहुतेक फोनांत ते असतं आणि देशातल्या कॉलला जादा पैसे लागत नाहीत.

कंपनीच्या नंबरांचं पोर्टिंग वैयक्तिक नंबरांपेक्षा थोडं संथ असतं. अधिकृत सही करणाऱ्याचं पत्र लागतं, एका पत्रावर १०० पर्यंत नंबर देता येतात, आणि पाच कामाचे दिवस धरायचे. जुनी बाकी शून्य हवी, त्या कंपनीत नंबराला ९० दिवस झालेले हवेत. सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस पोर्ट होत नाही. सिम बदलल्यावर साधारण २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही नाही. ज्या नंबरावर बँक आहे त्याचं सिम जीएसटी भरायच्या २० तारखेच्या तोंडावर बदलू नका. आणि मार्च ते मे अजिबात नको, एसीचा मोसम. पावसाळ्यात प्युरिफायरची धावपळ, ऑक्टोबरात पुन्हा एसी. तुमच्यासाठी डिसेंबर-जानेवारी बरा. आधी ऑफिसचे चार-पाच, ते नीट चालले की आठवड्याने बाकीचे.

फोनच्या यंत्रांचा खर्च तुम्ही विचारला नाही, पण तो बिलात दिसत नाही म्हणून एवढंच: जे फोन कंपनीचे आहेत त्यांचं रजिस्टर ठेवा. *#०६# दाबल्यावर दिसणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र क्रमांक, खरेदीचं बिल, दिल्याची तारीख, सही. कव्हर आणि काच पहिल्या दिवशीच लावा. लोकलच्या दारात उभं राहून फोनवर बोलायचं नाही, हा नियम लिहूनच टाका. फटका गँग रुळांशेजारी काठी घेऊन उभी असते, ती कंपनीचा फोन म्हणून सोडत नाही. फोन गेलाच तर आधी सिम ब्लॉक करायचं, मग पोलिसांत तक्रार, मग तिची प्रत जोडून संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक. क्रम उलटा झाला तर मधल्या तासात यूपीआयचं खातं मोकळं होऊ शकतं. हरवलेल्या फोनवर कराचं क्रेडिट घेतलेलं असेल तर ते परत करावं लागतं, सीएंना कळवा. फोन फुटला म्हणून पगारातून परस्पर पैसे कापू नका. हलगर्जी झाली असं वाटलं तर आधी त्याचं म्हणणं ऐका.

राहता राहिले वडील. त्यांचा नंबर घरगुती खात्यात हलवायचा मोह होईल, पण थांबा. धंदा त्यांनी सुरू केलाय, म्हणजे पंतनगरातले जुने ग्राहक अजून त्यांनाच फोन करत असणार. तो नंबर धंद्याचाच राहू द्या आणि पुढच्या दुबईवारीची तयारी वेगळी करा. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या फोनच्या कॉल सेटिंगमधून ‘सगळे कॉल’ ऑफिसच्या नंबराकडे वळवा. ‘उचलला नाही तर’ हा पर्याय निवडू नका. त्यात कॉल आधी दुबईला जातो, मग परत मुंबईला येतो आणि दोन्ही फेऱ्यांचे पैसे लागू शकतात. डेटा रोमिंग बंद करून द्या. दुबईत बहिणीच्या घरचं वाय-फाय आहे, व्हॉट्सअ‍ॅप त्यावर मेसेज-फोटोंपुरतं चालेल. बाहेर फिरताना लागेल म्हणून आठवड्याचा रोमिंग पॅक इथूनच घ्या, किंवा दोन महिने राहणार असतील तर तिथलं सिम स्वस्त पडेल. विमानात एअरप्लेन मोड, हे तिकिटावरच पेनाने लिहून द्या. आणि तक्ता तयार झाला, की बिल घेऊन त्यांच्यासमोर बसाल तेव्हा वहिनींना बोलू द्या. तुमच्यापेक्षा त्या शांतपणे सांगतील.